हायब्रिड गाडी शहरात जास्त आणि द्रुतगती मार्गावर कमी ॲव्हरेज का देते?

प्रश्न: आमची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर आणि बॅटरी असलेली) गाडी पुण्याच्या गर्दीत लिटरमागे २२-२३ किलोमीटर जाते, पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० च्या वेगाने नेली की हाच आकडा १७-१८ वर येतो. आधीच्या पेट्रोल गाडीचा अनुभव नेमका उलट होता. गाडीत काही दोष असेल का?

प्रतिसाद १: दोष नाही. शहरात सिग्नलला इंजिन बंद राहते आणि ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा मोटर बऱ्याच अंशी बॅटरीत परत साठवते. सलग वेगात ब्रेकच फारसा लागत नसल्याने ही बचत उरत नाही. शिवाय हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो सुमारे ५६ टक्के अधिक असतो. ८०-८५ चा वेग धरून पाहा, फरक लगेच जाणवेल.

प्रतिसाद २: ब्रेक कसा लावता, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सिग्नल लांबून लाल दिसताच पाय उचलून हळूहळू ब्रेक दाबल्यास बहुतेक ऊर्जा परत मिळते. करकचून दाबल्यास ती ब्रेक पॅडमध्येच जळते. मात्र केवळ इंजिन सुरू होऊ नये म्हणून रखडत वेग घेऊ नका, कारण बॅटरीतील वीजही शेवटी पेट्रोलपासूनच आलेली असते.

प्रतिसाद ३: खंडाळ्याचा घाट उतरताना बॅटरी भरली की पुढची ऊर्जा साठवता येत नाही. तिथे गिअरवरचा ‘बी’ पर्याय असल्यास वापरावा, म्हणजे इंजिनाच्या रोधामुळे ब्रेक तापत नाहीत. सपाट रस्त्यावर त्याचा उपयोग नाही.