युद्ध पेटल्यावर दूतावास आधी निघतो की शेवटी?

अरुणावतीकाठ (आर्णी, जि. यवतमाळ) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी आर्णी तालुक्यातील एका गावात शिक्षक आहे. आमच्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी दहा-बारा मुले बसतात आणि बाहेरच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचणारी वडीलधारी मंडळी असतात. मागील आठवड्यात एका मुलीने मला विचारले की, विदेश सेवेतील अधिकाऱ्याची नेमणूक असलेल्या देशात युद्ध किंवा सत्तापालट झाला, तर त्या दिवसांत त्याचे नेमके काम काय असते. मी उत्तराची जुळवाजुळव करतो आहे तोवर ओट्यावरून एक आजोबा बोलले, "काम कायचं? पूर आला तं गावचा कोतवाल दवंडी देते अन् सगळ्यात शेवटी निंगते. इथं राजदूतच पहिले निंगून जाते. युक्रेनात पोट्टे तळघरात अन् दूतावास पोलंडात!"

मुले हसली, परंतु मला त्या क्षणी आजोबांना खोडून काढता आले नाही आणि त्यांचे म्हणणे मान्यही करता आले नाही. दूतावास हलविणे म्हणजे आपल्या माणसांना सोडून जाणेच असते का? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे किंवा ज्यांच्या घरच्यांनी सोसले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे. तुमची उत्तरे मी वाचनालयात मोठ्याने वाचून दाखविणार आहे.

निवृत्त साहाय्यक (आर्वी, जि. वर्धा)

गुरुजी, मी राजदूत नव्हतो. राजदूतांच्या सहीसाठी कागद तयार करणाऱ्यांपैकी एक होतो. १९९० साली मी पश्चिम आशियातील एका भारतीय दूतावासात साहाय्यक होतो, त्यामुळे लिहिण्याचा थोडा अधिकार आहे असे समजतो.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. त्या वेळी कुवेतमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. काही दिवसांतच इराकने कुवेत हा आपलाच भाग असल्याचे जाहीर केले आणि तेथील सर्व परदेशी दूतावासांना २४ ऑगस्टपर्यंत बंद करण्याचा हुकूम दिला, कारण त्यांच्या मते कुवेत नावाचा देशच उरला नव्हता. अमेरिका आणि ब्रिटनसारख्या देशांनी हा हुकूम मानला नाही, तेव्हा त्यांच्या इमारतींना सैनिकांचा वेढा पडला आणि वीज-पाणी तोडले गेले. भारताने आपला दूतावास इराकमधील बसरा शहरात हलविला.

यावर त्या काळी टीका झाली. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांची भेट घेतली, त्या वेळची गळाभेट पाहून तर बाहेरच्या देशांतच नव्हे, घरातही नाके मुरडली गेली. आक्रमण करणाऱ्याला गळामिठी कशासाठी, हा प्रश्न चुकीचा नव्हता. मात्र कुवेतमधून बाहेर पडण्याची वाट बसरा, बगदाद आणि पुढे वाळवंटातून जॉर्डनच्या अम्मानकडे जाणारीच होती, आणि त्या संपूर्ण वाटेवर परवानगी इराकची लागत होती. वीज-पाणी तुटलेल्या इमारतीत निशाण फडकवीत बसलेला राजदूत दिसायला बाणेदार दिसला असता. बसऱ्यात बसून इराकी अधिकाऱ्यांकडून बसगाड्यांची परवानगी मिळविणारा अधिकारी वर्तमानपत्राच्या छायाचित्रात कधी येत नाही. अम्मानहून मुंबईपर्यंत एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्या झाल्या आणि त्यांतून १ लाख ११ हजारांहून अधिक माणसे परत आली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. अशा दिवसांत दूतावासाचे पहिले काम यादी करण्याचे असते. कोण आहे, कुठे आहे, बरोबर किती लेकरे आहेत, पारपत्र हातात आहे की मालकाकडे, हे आधी कळावे लागते. आखातातील मजुरांची पारपत्रे बहुधा मालकाच्या कपाटात असत, आणि मालक पळाला की ती गेलीच. अशा माणसाला दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, ज्यावर फक्त एकदाच आणि फक्त भारतात येता येते. ते देण्यापूर्वी समोरचा माणूस खरोखरच भारतीय आहे याची खात्री करावी लागते, आणि त्याच्याजवळ एकही कागद नसेल तर मग तालुका कोणता, गावाशेजारची नदी कोणती, आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, असे प्रश्न विचारावे लागतात. एका माणसाने मला "मंगळवार, हिंगणघाट" असे उत्तर दिले, तेव्हा मला पुढे काही विचारावेसे वाटले नाही. सही-शिक्क्यासाठी कागद पुढे सरकविला आणि आम्ही दोघांनी मिनिटभर कापसाच्या भावाबद्दल बोलून घेतले.

यादीनंतर बसगाड्या, डिझेल, पाणी आणि वाटेवरच्या प्रत्येक नाक्यावर दाखवायचे पत्र. शेवटी, खरोखरच निघण्याची वेळ आली तर सांकेतिक यंत्रणा आणि गुप्त कागद नष्ट करणे. सर्वात अवघड गोष्ट मात्र नियमावलीत नसते. दूतावासात काम करणारे स्थानिक चालक, दुभाषे आणि माळी मागेच राहतात. त्यांना त्यांचाच देश सोडून कुठे नेणार?

पैनगंगेचा बाप (चिखली, जि. बुलडाणा)

आर्वीच्या काकांनी जे लिहिले ते पटले, परंतु मला आजोबांच्या बाजूनेही दोन शब्द बोलायचे आहेत. माझी मुलगी २०२२ मध्ये युक्रेनमधील खार्किव येथे वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला होती.

कोतवालाची उपमा मला अगदी योग्य वाटली, कारण आमची तक्रार दवंडीबद्दलच होती. दूतावासाची पहिली सूचना १५ फेब्रुवारीला आली आणि तिचा आशय असा होता की, ज्यांचे राहणे आवश्यक नाही, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते निघण्याचा विचार करावा. अमेरिकेने त्याआधीच आपल्या नागरिकांना ४८ तासांत देश सोडण्यास सांगितले होते. आता तुम्हीच सांगा, हजेरी कमी पडली तर वर्ष बुडेल या धास्तीत असलेल्या विद्यार्थिनीने "आवश्यक नाही" याचा अर्थ काय लावायचा? विद्यापीठ ऑनलाइन वर्गांबद्दल काही बोलत नव्हते. तिकिटाचे दर चढले होते आणि माझी सोयाबीन अजून घरातच होती. विद्यापीठाच्या निर्णयाची वाट पाहू नका, असे स्पष्ट सांगणारी सूचना २२ तारखेला आली. २४ तारखेला पहाटे हल्ला सुरू झाला आणि विमानांचे आकाशच बंद झाले.

पुढचे दिवस मी लिहू शकत नाही, थोडक्यात सांगतो. १ मार्चला कर्नाटकातील एका विद्यार्थ्याचा खार्किवमध्ये हल्ल्यात मृत्यू झाला. २ मार्चला दूतावासाची सूचना आली की खार्किव ताबडतोब सोडा, वाहन मिळत नसेल तर पायी निघा, आणि संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाई किंवा बेझ्ल्युदिव्का गाठा. ही नावे आम्ही मोबाइलच्या नकाशावर शोधली, तेव्हा सर्वात जवळचे ११ किलोमीटरवर होते. चिखलीहून पायी निघून कुठवर पोहोचता येईल याचा हिशेब माझे वडील बोटांवर करीत बसले. मुलगी चालत पिसोचिनला पोहोचली, तेथून काही दिवसांनी बसने पश्चिम सीमेकडे गेली. तहसील कार्यालयातून रोज फोन येत असे आणि रोज तीच माहिती पुन्हा मागत असत, तेव्हा संताप येई. काकांचे यादीबद्दलचे वाचून आज तो थोडा कमी झाला आहे.

ही दवंडी वेळेवर दिली गेली, परंतु हळू आवाजात दिली गेली, असे माझे मत आजही आहे.

निवृत्त साहाय्यक (आर्वी)

भाऊ, तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. फक्त आवाज हळू का असतो, तेवढे सांगतो. दूतावासाची सूचना विद्यार्थ्याच्या आधी यजमान देशाचे, म्हणजे दूतावास ज्या देशात आहे त्याचे, सरकार वाचते. युक्रेनचे सरकार स्वतः त्या आठवड्यांत लोकांना घाबरू नका असे सांगत होते. अशा वेळी "युद्ध होणार आहे, निघा" असे भारताच्या शिक्क्याने लिहिणे म्हणजे एका बाजूचे भाकीत मान्य केल्यासारखे होते, आणि रशियाशी असलेले संबंध पाहता दिल्लीला ते नको होते. त्यामुळे वाक्य घासून घासून गुळगुळीत केले जाते. मी स्वतः अशी वाक्ये टंकलिखित केली आहेत. त्यात कोणाचेही नाव चुकत नाही, पण वाचणाऱ्याला उठून निघावेसेही वाटत नाही.

मात्र आजोबांना तारीख जरूर वाचून दाखवा. युक्रेनमधील भारतीय दूतावास पोलंडची राजधानी वॉर्सा येथे हलविण्याचा निर्णय १३ मार्च २०२२ रोजी जाहीर झाला. युक्रेनमधील सुमी शहरात अडकलेले सुमारे ७०० विद्यार्थी त्याआधी, ८ मार्चला, तेथून बाहेर पडले होते आणि त्यांच्यासाठी दूतावासाचे पथक पोल्टावा येथे थांबले होते. मे महिन्यात तो दूतावास पुन्हा कीव्हमध्ये सुरू झाला.

वकील (पांढरकवडा, जि. यवतमाळ)

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून लिहितो. राजनैतिक संबंधांचा व्हिएन्ना करार १९६१ चा आहे. त्याच्या कलम २२ नुसार दूतावासाची जागा अभंग असते, म्हणजे यजमान देशाचे पोलीसही परवानगीशिवाय आत जाऊ शकत नाहीत, आणि तिचे रक्षण करणे हे यजमानाचे कर्तव्य असते. कलम ४४ सांगते की सशस्त्र संघर्षातही राजनैतिक अधिकाऱ्यांना बाहेर पडण्यास यजमानाने मदत केली पाहिजे. कलम ४५ प्रमाणे दूतावास बंद झाला तरी इमारत आणि दप्तर यांचा मान राखावा लागतो.

हे सर्व यजमानावर अवलंबून आहे, हीच मेख आहे. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकी दूतावासात जमाव शिरला, तेव्हा इराणच्या सरकारने त्याला हटविण्याऐवजी पाठीशी घातले. ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. यंत्रात कापलेल्या गुप्त कागदांच्या पट्ट्या जमावातील लोकांनी जोडून वाचल्या. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८० मध्ये इराणविरुद्ध निकाल दिला, परंतु त्या निकालाने कोणाची सुटका झाली नाही.

उलट उदाहरणही आहे आणि ते आपल्या मराठी माणसाचे आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये मालदीवचे माजी अध्यक्ष मोहम्मद नशीद अटक टाळण्यासाठी मालेमधील भारतीय उच्चायुक्तालयात (म्हणजे दूतावासातच) शिरले आणि दहा दिवस तेथेच राहिले. त्या वेळी उच्चायुक्त होते कोल्हापूर जिल्ह्यातील ज्ञानेश्वर मुळे. काही महिन्यांपूर्वीच तेथील अध्यक्षांच्या प्रवक्त्याने त्यांना जाहीरपणे देशाचा शत्रू म्हटले होते. आत आलेल्या माणसाला हाकलले तर भारताने त्याला पकडून दिले असे म्हटले जाणार आणि ठेवून घेतले तर भारत अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करतो असे म्हटले जाणार. व्हिएन्ना करारात दूतावासातील आश्रयाची तरतूदच नाही, परंतु कलम २२ मुळे पोलीस आत येऊ शकत नव्हते, आणि या फटीत दहा दिवस गेले.

शिवाय धोका युद्धाच्याच देशात असतो असे नाही. भारतीय राजनैतिक अधिकारी रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे इंग्लंडातील एका शांत शहरात, नोकरीला होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे अपहरण झाले, तिहार तुरुंगातील काश्मिरी फुटीरतावादी मकबूल बट याच्या सुटकेची मागणी झाली आणि दोन दिवसांत म्हात्रे यांचा मृतदेह सापडला. त्याच महिन्याच्या ११ तारखेला बटला फाशी देण्यात आली. पुण्यातील म्हात्रे पूल त्यांच्याच नावाचा आहे. पुण्याला शिकायला गेलेली आपली मुले त्यावरून रोज जातात, पण ते नाव कोणाचे हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.

अरुणावतीकाठ (आर्णी)

सर्वांचे आभार. काल ही सर्व उत्तरे वाचनालयात वाचून दाखविली. वीज गेली होती, म्हणून मुलेही ओट्यावरच आली होती. म्हात्रे यांच्याबद्दल ऐकताना आजोबा गप्प होते. सुमीची तारीख ऐकल्यावर त्यांनी मान हलविली आणि मग विचारले, "बरं, युक्रेनचं झालं. काबूलचं काय? तिथं तं पहिलेच निंगले ना?"

याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

निवृत्त साहाय्यक (आर्वी)

आजोबांनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. हो, काबूलमध्ये दूतावास आधी निघाला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान शहरात शिरले आणि १७ तारखेला राजदूत रुद्रेंद्र टंडन सर्व भारतीय कर्मचाऱ्यांसह वायुसेनेच्या विमानाने परतले. त्यानंतरही भारतीय नागरिक आणि अफगाण शीख-हिंदू तेथे होते आणि त्यांना आणणारी विमाने पुढे काही दिवस येत राहिली. महिनाअखेरीस सरकारने एकूण ५५० हून अधिक लोक आणल्याचे सांगितले.

परंतु वकीलसाहेबांनी लिहिलेले कलम २२ येथे आठवावे. रक्षण करणारा यजमानच पळून गेला होता. याच दूतावासाच्या फाटकावर ७ जुलै २००८ रोजी मोटारबॉम्ब फुटला होता, तेव्हा काबूलमध्ये सरकार होते, पोलीस होते, तरीही ५८ माणसे मेली. त्यांत आपले ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि राजनैतिक अधिकारी व्ही. व्यंकटेश्वर राव होते. हे ज्यांच्या स्मरणात होते, त्यांनी २०२१ मध्ये काय ठरविले असेल हे मी समजू शकतो. जून २०२२ मध्ये एक लहान पथक पुन्हा त्याच इमारतीत गेले.

आजोबांना सांगा की कोतवाल पाण्याच्या पुढे निघाला हे खरे आहे. तो कुठल्या पाण्यातून आधी एकदा जेमतेम वाचला होता, तेही त्यांना सांगा. आणि त्या मुलीला विचारा की हे सर्व ऐकूनही तिला अर्ज भरायचा आहे का. भरायचा असेल तर तिचा पत्ता नको, फक्त तिला कोणती भाषा शिकायला आवडेल ते येथे लिहा. माझ्याजवळ अरबीची दोन जुनी पुस्तके आहेत, ती मी वाचनालयाच्या नावाने एसटीच्या पार्सलने पाठवीन.