मदत हवी आहे: एसआयसीएस शिकवताना टनेल कसं शिकवावं आणि सूत्रं आपल्या हाती कधी घ्यावीत?

नमस्कार. मी नेत्रशल्यविशारद आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मोतीबिंदूची एसआयसीएस, म्हणजे फेको (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडणारं) मशीन न वापरता लहान छेदातून हातानं करायची शस्त्रक्रिया, शिकवायचं काम अलीकडे माझ्याकडे आलं आहे.

‘फेको असताना हे कशाला?’ हा प्रश्न येणारच. कडक तपकिरी किंवा पूर्ण पिकलेला पांढरा मोतीबिंदू समोर आला, किंवा मशीनच नसलं, की हेच कामी येतं. रुईत आणि चँग या नेत्रतज्ज्ञांच्या नेपाळमधल्या २००७ च्या तुलनात्मक अभ्यासात सहा महिन्यांनंतर दोन्ही पद्धतींची नजर जवळपास सारखीच होती. तेव्हा हे नीट शिकवलं गेलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही उलट्या क्रमानं, शेवटच्या पायरीपासून शिकवतो. आधी व्हिस्को (शस्त्रक्रियेत डोळ्यात भरलेला जेल) धुऊन काढणं, मग लेन्स बसवणं, मग कॉर्टेक्स (मोतीबिंदूचा बाहेरचा मऊ थर) काढणं. तिथवर मुलं छान येतात. गाडं अडतं ते टनेलवर, म्हणजे स्क्लेरातून (डोळ्याचा पांढरा भाग) कॉर्नियात (पुढचा पारदर्शक पडदा) जाणाऱ्या बोगद्यावर. बाहेरचा छेद ६ ते ६.५ मिमी, लिंबसच्या (या दोहोंच्या सीमेच्या) दीड-दोन मिमी मागे, स्क्लेराच्या निम्म्या जाडीपर्यंत, हे सगळ्यांना पाठ असतं. टनेल कोरणारं क्रिसेंटचं पातं स्क्लेरातून अंधूक दिसत राहायला हवं. फार स्पष्ट दिसलं तर वरचा पदर पातळ होऊन भोक पडणार, दिसेनासं झालं तर खोल जाऊन वेळेआधीच आत शिरणार आणि आयरिस (बुबुळाचा रंगीत पडदा) बाहेर येणार, हेही सांगून झालं. पण हाताला ते कळत नाही, आणि शेजारच्या स्कोपमधून मला ती खोली नीट जोखता येत नाही.

दुसरी अडचण कोपऱ्यांची. टनेल कॉर्नियात एक-दीड मिमी जातं, पण दोन्ही बाजूंना पुरेसं सोडवलं जात नाही. आतलं तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद हवं, ते अरुंदच राहतं. मग न्यूक्लिअस (मोतीबिंदूचा कडक गाभा) तिथे अडतो, एंडोथेलियमला (कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थराला) घासतो आणि दुसऱ्या दिवशी कॉर्निया सुजलेला. विद्यार्थ्याला वाटतं आपल्याला न्यूक्लिअस काढता येत नाही. चूक मात्र टनेलमध्ये झालेली असते.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. भूल फक्त डोळ्याला दिलेली असते, रुग्ण जागा असतो आणि सगळं ऐकत असतो. ‘थांब!’ म्हटलं की तोही दचकतो. अशा वेळी तुम्ही काय बोलता? आणि सूत्रं आपल्या हाती कोणत्या क्षणी घेता?

प्रतिसाद १

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. शिकाऊ डॉक्टर सहभागी असेल हे रुग्णाला आधी सांगून संमती घ्यायची. टेबलावर शब्द ठरलेले हवेत. आमच्याकडे ‘जरा पाणी घेऊ’ म्हटलं की हत्यार आहे तिथे स्थिर ठेवायचं, आणि ‘जागा बदलू’ म्हटलं की कारण न विचारता उठायचं. कारण नंतर, व्हिडिओ बघताना. वेळेआधी आत शिरलं किंवा मागची कॅप्सूल (लेन्सचं पातळ आवरण) फाटली, की मी लगेच त्याच्या जागी बसतो, त्यात चर्चा नाही. वरच्या पदराला भोक पडलं तर मात्र त्यालाच करू देतो: दुसऱ्या टोकापासून थोड्या खोल पातळीवर नव्यानं सुरुवात. हे सावरणं शिकायलाच हवं.

कोपऱ्यांसाठी एकच सांगणं: केरॅटोमनं (टोकदार पात्यानं) आतलं तोंड वाढवताना आत जातानाच कापायचं, बाहेर येताना नाही. बाहेर येताना कापलं की पातळी सुटते. आणि एका सत्रात एकाच विद्यार्थ्याला ओळीनं फक्त टनेल द्या, पुढचं तुम्ही करा. एकच पायरी लागोपाठ केली की हात बसतो.

प्रतिसाद २

नुकतीच शिकून बाहेर पडले आहे, म्हणून लिहिते. सरावासाठी घेतलेला बकरीचा डोळा मऊ पडतो, आधी आत सलाइन भरून ताठ केला की पातं खऱ्यासारखं चालतं. टनेल झालं की आमचे सर ते कात्रीनं उघडून दाखवायचे, वरचा पदर कुठे पातळ, तळ कुठे खोल. सांगून जे कळलं नव्हतं ते तिथे दिसलं.

सराव आधी डोळ्यांच्या मॉडेलवर करून घ्या. केनिया, टांझानिया, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या प्रशिक्षणार्थींवरच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा सखोल सराव केलेल्यांच्या हातून पुढच्या वर्षात कॅप्सूल फाटण्याचं प्रमाण ७.८ टक्के होतं, न केलेल्यांत २६.६ टक्के.

मूळ लेखिका

दोघांचे मनापासून आभार. ‘जागा बदलू’ आणि टनेल उघडून बघणं, दोन्ही लगेच सुरू करते. बकरीच्या डोळ्यातली लेन्स मऊ असल्यामुळे न्यूक्लिअस काढण्याचा सराव तिथे होतच नाही, तेव्हा अजून एक विचारते: पहिल्यांदा न्यूक्लिअस काढायला देताना तुम्ही इरिगेटिंग व्हेक्टिस (पाणी सोडणारा चमचा) देता की फिशहुक (टोक वाकवलेली सुई)? आणि पहिल्या केससाठी मोतीबिंदू किती कडक निवडता?