फार्मास्युटिकल मेडिसिन डिप्लोमा: लघुत्तरी प्रश्नपत्रिकेच्या तयारीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. फार्माकॉलॉजीत एम.डी. केल्यानंतर गेली चार वर्षे मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत औषधसुरक्षेचे काम पाहतो. लंडनच्या फॅकल्टी ऑफ फार्मास्युटिकल मेडिसिनची (औषधे विकसित करणे, तपासणे आणि त्यांची सुरक्षितता पाहणे या वैद्यकशाखेची संस्था) डिप्लोमा परीक्षा द्यायचे मनात आहे. (परीक्षा १९७६ पासूनची आणि फॅकल्टी १९८९ ची; लेक आईपेक्षा वयाने मोठी, असा हा प्रकार.)

बहुपर्यायी प्रश्नांची मला धास्ती नाही. अडचण आहे ती लघुत्तरांची. एम.डी.ला पाने भरण्याची सवय लागली, ती सुटत नाही. मागच्या रविवारी ‘नवे औषध माणसाला प्रथमच देताना सुरुवातीची मात्रा कशी ठरवाल?’ या प्रश्नाचे उत्तर घड्याळ लावून लिहिले, तर दीड पान झाले. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन १४१२ हे प्रतिकारशक्तीला चेतवणारे नवे औषध दिलेले सहाही निरोगी स्वयंसेवक, माकडांत निर्धोक ठरलेल्या मात्रेचा पाचशेवा भागच दिलेला असूनही, अत्यवस्थ झाले. त्या हकिकतीतच अर्धे पान खर्ची पडले आणि खरा मुद्दा तळाशी गेला. तो असा, की प्रतिकारशक्तीला थेट चेतवणाऱ्या औषधाच्या बाबतीत प्राण्यांना अपाय न झालेली मात्रा पाहून भागत नाही. जैविक परिणाम जिथे जेमतेम दिसू लागेल अशी मानवातील अपेक्षित मात्रा काढून तिथून हिशेब मांडावा लागतो, आणि स्वयंसेवकांना पुरेसे अंतर ठेवून एकेकाला डोस द्यावा लागतो. परीक्षकाला हे पहिल्या दोन ओळींतच हवे असणार.

ज्यांनी ही परीक्षा दिली आहे, त्यांनी असे आटोपशीर लिहिण्याचा सराव कसा केला, आणि उत्तरे कोणाकडून तपासून घेतली? स्वतःचे उत्तर स्वतःच तपासले की प्रत्येक वाक्य आवश्यकच वाटते.

दुसरी शंका नियमांविषयी आहे. माझे रोजचे काम आपल्याकडच्या २०१९ च्या नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार चालते, त्यामुळे उत्तरांत नकळत त्यांतल्याच मुदती उतरतात. ब्रिटन आणि युरोपची चौकट वेगळी ठेवून अभ्यासण्याची कोणाची काही पद्धत आहे का?

मडगाव किंवा फोंड्याकडे कोणी याच तयारीत असल्यास शनिवारी दुपारनंतर भेटून एकमेकांची उत्तरे तपासता येतील. लाल पेन मी आणीन.