डावखुऱ्याने गोल्फची ऑफसेटवाली आयर्न (लोखंडी क्लब) घ्यावीत का? चेंडू कायम डावीकडे जातोय

डावखुरा_खारघर

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईत. भाचा डिसेंबरात लग्नाला न्यू जर्सीहून येतोय. म्हणाला, मामा, बॅगेत एक सेट बसवतो, पण कुठला ते तू सांग. इकडे डावखुऱ्याला दुकानात काय मिळतं ते ठाऊकच आहे: कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक सेट, नाहीतर ‘मागवून देऊ साहेब’. म्हणजे मारून बघायची सोय नाही.

त्याने दोन वापरलेले सेट हेरलेत, किंमत सारखीच. एक जाड सोलचा (म्हणजे तळाचा), कॅव्हिटी बॅक (मागून पोकळ), ऑफसेट भरपूर. दुसरा फोर्ज्ड (ठोकून घडवलेला), नाजूक, ऑफसेट जवळजवळ नाहीच. दिसायला दुसरा म्हणजे दागिना.

माझं दुखणं: चेंडू डावीकडे जातो. (मी डावखुरा, म्हणजे तुमचा उजवीकडे जातो तसा.) वय 52, उंची सहा फूट एक इंच, दोन वर्षं खेळतोय, रविवारी पहाटे सिडकोच्या कोर्सवर. सरावाच्या रेंजवर एक जण म्हणाला, ऑफसेट घ्या, स्लाइस (चेंडूचं हे बाहेर वळणं) आपोआप जाईल. खरं का हे?

बंकरवासी

दादा, डोळे झाकून ऑफसेट घ्या. माझा स्लाइस गेला. आता हुक (उलट्या बाजूला वळणं) आहे, तो भाग वेगळा.

जुनंलोखंड

थांबा, भाच्याला इतक्यात हो म्हणू नका.

मी भोसरीत टूलरूममध्ये तीस वर्षं काढली, त्यामुळे हातात क्लब आला की आधी व्हर्नियर काढतो. ऑफसेट म्हणजे काय, तर क्लब जमिनीवर टेकवून वरून बघा. हॉजलची (दांडा बसतो त्या नळीची) पुढची कड आणि फेसची (चेंडूला लागणाऱ्या बाजूची) खालची धार, या दोन्हींतलं अंतर. धार जितकी मागे, तितका ऑफसेट जास्त. जाड सेटच्या सात नंबरच्या आयर्नमध्ये पाच-सहा मिलिमीटर, नाजूक सेटमध्ये दोन-तीन. आणि एकाच सेटमध्येही लांब आयर्नला जास्त, वेजला (जवळच्या फटक्याच्या आखूड क्लबला) कमी.

धार मागे असली की चेंडूला उशिरा लागते, तेवढ्या वेळात फेस आणखी थोडा बंद होतो, असा हिशोब सांगतात. हिशोब बरोबर आहे, फक्त आकडा कोणी घालत नाही. आपल्यासारख्यांचा सात नंबर साधारण ताशी 120 किलोमीटरने येतो. सेकंदाला 33 मीटर. चार मिलिमीटरचा फरक म्हणजे सेकंदाचा आठ-नऊ हजारावा भाग. फेस सेकंदाला दोन-अडीच हजार अंशांनी फिरतो असं धरलं तरी हाती येतो जेमतेम पाव अंश. 140 यार्डांवर एक-दीड यार्ड.

ऑफसेटने चेंडू जरा उंच जातो, हात पुढे ठेवायला सोपं पडतं, हे फायदे आहेत. पण ‘स्लाइस आपोआप जाईल’ हे पाव अंशाच्या जिवावर नको.

आता मला सांगा: सध्या कुठला सेट आहे? डिव्हट (फटक्याने गवतात पडणारा खड्डा) कुठल्या बाजूला खोल पडतो? आणि वेजचा चेंडू डावीकडे *वळतो* की डावीकडे *सरळ* जातो?

डावखुरा_खारघर

सेट पिंग कंपनीचा आय टू. चेंबूरच्या एका काकांनी गुडघे गेल्यावर विकला. तेही डावखुरे, उंचीने माझ्या खांद्याला लागतील. मागच्या बाजूला नारिंगी ठिपका आहे, मला वाटलं शोभेचा.

डिव्हटचं आज मुद्दाम बघितलं. पावसाने जमीन मऊ आहे, त्यामुळे छान उमटला. टोच्या (क्लबच्या टोकाच्या) बाजूला बोटाचं पेर जाईल इतका खोल, हीलच्या (दांड्याकडच्या) बाजूला गवत जेमतेम खरवडलेलं. वेज वळत नाही. नाकासमोर जावं तसा सरळ जातो, पण नाकच डावीकडे. पाच नंबर मात्र केळ्यासारखा वळतो.

जुनंलोखंड

अहो, मग उत्तर तुमच्याच बॅगेत आहे!

पिंग काढणारे कार्स्टन सोलहाइम मुळात जनरल इलेक्ट्रिकमधले इंजिनिअर. आय टू 1982चा, आणि ऑफसेटसाठी हा सेट ओळखला जातो. म्हणजे दोन वर्षं तुम्ही औषध घेताय आणि ताप आहे तिथेच.

आता ठिपका. तो शोभेचा नाही. काळा म्हणजे स्टँडर्ड लाय (दांड्याचा जमिनीशी कोन). लाल, नारिंगी हे चपट्या बाजूचे. निळा, हिरवा, पांढरा उभ्या बाजूचे. नारिंगी सेट ठेंगण्या माणसाला बसतो. तुमच्या हातात तो आला की टो जमिनीत रुततो, आणि लॉफ्टमुळे (फेस मागे कलण्याच्या कोनामुळे) फेस तुमच्या डावीकडे बघतो. लाय दोन अंश चुकली आणि लॉफ्ट 34 असला, तर फेसची दिशा सव्वा अंशाने हलते. ऑफसेटच्या पाचपट. लॉफ्ट जितका जास्त तितकी ही चूक मोठी, म्हणून वेज सरळ पण डावीकडे.

पाच नंबरचं केळं हे वेगळं प्रकरण. कमी लॉफ्टला चेंडू जास्त वळतो, तिथे स्विंगचाच दोष. ते कोचकडे न्या, लोखंड त्याला काही करणार नाही.

खात्री करून घ्या. चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ मारा, रेघ फेसकडे ठेवून सात नंबर मारा. शाई फेसवर उतरते. रेघेचं वरचं टोक हीलकडे झुकलं तर लाय चपटी, टोच्या बाजूला झुकलं तर उभी.

आणि हो, हाच सेट वाकवून घेऊ म्हणाल, तर जपून. कास्ट (ओतीव) स्टील फोर्ज्डसारखं ऐकत नाही. आमच्याकडे एकाने व्हाइसमध्ये धरून प्रयोग केला, हॉजल हातात आलं.

डावखुरा_खारघर

रविवारचा निकाल: दहा चेंडू, नऊ रेघा हीलकडे झुकलेल्या. दहावा टॉप झाला (वरच्या अंगाला लागला), त्यावर रेघच नाही. बायकोचा मार्कर संपला, ती बातमी वेगळी.

मग आता फोर्ज्ड, नाजूक घेऊ ना? वाकवता येतो म्हणून?

जुनंलोखंड

वाकवता येतो हे खरं, पण तुमचे किती चेंडू फेसच्या मधोमध लागतात? शाईचे डाग बघून स्वतःच सांगा. विखुरलेले असतील तर जाड सोलवालाच घ्या, चुकलेला फटकाही निभावून नेतो. ऑफसेट त्याच्यासोबत येतो तेवढा येऊ दे.

भाच्याला मात्र एवढं विचारायला सांगा: लाय किती, आधी कोणी वाकवलाय का, सात नंबरचा लॉफ्ट किती. हल्ली कित्येक सेटमध्ये सात नंबर 30 अंशांच्या आत असतो, जुन्या सहा-पाच नंबराएवढा. मग वेजच्या वर अंतरात मोठं भगदाड राहतं. आणि मनगटाच्या सुरकुतीपासून जमिनीपर्यंत माप घेऊन त्याला पाठवा. चप्पल काढून.

डावखुरा_खारघर

डाग बघितले. हीलपासून टोपर्यंत सगळीकडे आहेत, एक तर हॉजलवर. जाडच सांगतो.