मदत हवी आहे: बळ्ळारी नाल्यासाठी अर्ज नेमका कुठं करायचा?

नमस्कार मंडळी. बळ्ळारी नाल्याचं दुखणं शहापूर-वडगाव शिवारातल्यांना नव्यानं सांगायला नको. पावसाळ्यात पाणी तुंबून भात कुजतं. एरवी त्याच नाल्यातून बेळगावचं सांडपाणी वाहतं, काळंकुट्ट, वर जलपर्णी. गाळ काढा म्हणून निवेदनं देऊन झाली. उत्तर ठरलेलं: निधी नाही. आता आम्ही काही शेतकरी योजनेचं नाव घालूनच अर्ज करणार आहोत.

घोडं अडलंय ते इथं. 2015 च्या अमृत योजनेत, म्हणजे शहरांच्या पाणी-गटार कामांसाठीच्या केंद्राच्या योजनेत, पावसाळी गटारं होती. 2021 च्या अमृत 2.0 चा भर पाणीपुरवठा, सांडपाणी आणि तलावांवर. एक ते दहा लाख वस्तीच्या शहरांना केंद्राचा वाटा एक तृतीयांश. पुरासाठी वेगळी वाट: पंधराव्या वित्त आयोगानं राज्याच्या आपत्ती निधीतला 20 टक्के भाग धोका आधीच कमी करण्यासाठी राखायला सांगितला. म्हणजे घाणीला एक दार, पुराला दुसरं, आणि नाला एकच!

नाल्याचा बराच भाग पालिका हद्दीबाहेर शेतातून जातो. रुंदीकरणाला जमीन द्यायला कुणी तयार नाही, तेव्हा तो सल्ला नको. माहिती अधिकाराचा अर्जही टाकलाय, उत्तर यायचंय.

निपाणी, खानापूरकडं कुणी असं काम मंजूर करून घेतलंय का? प्रस्ताव एकच करावा की दोन, आणि आधी महापालिकेकडं द्यावा की जिल्हाधिकाऱ्यांकडं?