चॅनल सरकतंय म्हणून ट्यूनर बदलू नका
जुन्या बटणांच्या टीव्हीत चॅनल आपोआप सरकायला लागलं की ट्यूनर (चॅनलची फ्रिक्वेन्सी पकडणारा भाग) गेला असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत. त्यातल्या इलेक्ट्रॉनिक ट्यूनरमध्ये फिरणारं काही नसतंच, व्हॅरॅक्टर डायोडला (व्होल्टेजप्रमाणे बदलणारा कपॅसिटरच म्हणा) बटणामागच्या प्रीसेटमधून (चॅनल लावायचा छोटा फिरवता रेझिस्टर) साधारण ३० व्होल्टपर्यंत डीसी मिळतं, व्होल्टेज वाढलं की डायोडचा कपॅसिटन्स कमी होतो आणि ट्यूनिंग वरच्या फ्रिक्वेन्सीला जातं. म्हणजे तेवढं व्होल्टेज जरी हललं तरी चॅनल हलणारच!

आमचा ८ बटणांचा जुना कलर सेट तापला की दहा मिनिटांत चित्रात मुंग्या यायच्या. मीटर लावला तर प्रीसेटना व्होल्टेज देणारी ३३ व्होल्टची लाइनच हळूहळू खाली येत होती. ते ३३ व्होल्ट स्थिर ठेवणारा टीएए५५० बदलला (दोन पायांचा, ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा पत्र्याचा डबा), प्रीसेटचे काळे पडलेले ट्रॅक स्पिरिटने पुसले, झालं. ट्यूनर अजून तोच आहे.