डबा आला, आता डिस्क कोणती?

ग्रुप : आजोळ

मामा : तो फोटो ठेवायचा डबा आला एकदाचा. कुरियरवाला बाजारातूनच फोन करून थांबला, मीच जाऊन आणला. उघडला तर दोन खण, आत काहीच नाही! डिस्क वेगळ्या घ्यायच्या म्हणे. कोणत्या घेऊ?

सोनू : मामा ४ टीबीची भारी डील आहे. साधी कॉम्प्युटरची डिस्क. नासवाली, म्हणजे अशा डब्यांसाठी म्हणून विकतात ती, घेऊ नकोस, नुसत्या स्टिकरचे पैसे लावतात

मावशी : नास?? नाव तरी बरं ठेवायचं

दादा : सोन्या, थांब. मॉडेल नंबर टाक आधी.

सोनू : एसटी४०००डीएम००४

दादा : वाटलंच. मामा, ही घेऊ नकोस. एसएमआर आहे.

मामा : मराठीत सांग.

दादा : आपल्या चिपळूणच्या घराची कौलं डोळ्यासमोर आण. डिस्कवर माहिती गोल गोल पट्ट्यांत लिहितात. सीएमआर डिस्कमध्ये त्या पट्ट्या शेजारी शेजारी, फरशा बसवल्यासारख्या. एसएमआरमध्ये जास्त मावावं म्हणून एकीची कड दुसरीखाली, कौलांसारखी. वाचायला अडत नाही. पण लिहिणारं टोक रुंद असतं, त्यामुळे मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली पुढची ओळ उचलून परत लावावी लागते. म्हणून ती डिस्क नवीन आलेलं आधी थोड्या राखीव जागेत टाकते आणि सवड मिळाली की नीट लावते.

मावशी : कौलं लावायला माणूसच मिळत नाही हल्ली 🙏

मामा : अरे पण मी दिवसाला चार फोटो टाकणार. तेवढी सवड तिला मिळेल की.

दादा : मिळेल. तेव्हा तुला काही कळणारही नाही. कळेल एक डिस्क मेल्यावर. दोन्ही खणांत तेच तेच ठेवायचं असं आपण ठरवलंय ना? मग मेलेलीच्या जागी नवी घातलीस की डबा उरलेलीवरचं सगळं नवीवर ओतायला घेतो, न थांबता. राखीव जागा भरते आणि वेग धाडकन पडतो. ४ टीबीचं सात-आठ तासांचं काम दिवसांवर जाऊ शकतं. कधी डबा वाट बघून नवी डिस्कच बाद ठरवतो. आणि तोवर आण्णांचे सगळे फोटो एकाच म्हाताऱ्या डिस्कच्या जिवावर.

सोनू : बरं बरं. मग नासवाली कुठलीही चालेल?

मी : तेही नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' डिस्कवरून केवढा गहजब झाला होता. नाससाठीच विकायचे, पण २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलांत एसएमआर निघालं आणि ते कुठे सांगितलेलंच नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीने यादी दिली आणि सीएमआरवाल्या 'रेड प्लस' नावाने वेगळ्या काढल्या. त्यामुळे मामा, नुसतं 'रेड' नको, 'प्लस' बघ. लेबलावर नंबरच्या शेवटी ईएफएएक्स दिसलं तर ४ टीबीची हातात धरू नकोस. नाहीतर सीगेटची आयर्नवुल्फ घे, त्यात सीएमआरच असतं. वॉरंटीही ३ वर्षं. सोनूच्या डीलवालीला २.

दादा : अजून एक. साधी डिस्क खराब जागा वाचताना बराच वेळ हट्टाने तिथेच डोकं आपटत बसते. नासवाली सातेक सेकंदांत नाद सोडते, मग डबा दुसऱ्या डिस्कवरून तेच उचलतो. स्टिकरचे पैसे म्हणतोस ते ह्याचे, सोन्या.

मामा : ठरलं. आयर्नवुल्फ दोन.

मी : दोन्ही एकाच दुकानातून नको. मी मागे तसंच केलं होतं. दोन्ही डिस्क एका पातळ बुडबुड्यांच्या पिशवीत, एकमेकींवर आपटत आल्या. एक लावली आणि स्मार्टच्या यादीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिथे, १९७ नंबरची ओळ बघितली, म्हणजे वाचता न आलेल्या जागा. संध्याकाळी ८, सकाळी ४०. दुकानदार म्हणतो चालतेय ना, मग वापरा! परत घेईपर्यंत तीन आठवडे गेले. तू फोटो टाकायच्या आधी डब्यातूनच पूर्ण डिस्कची लांबलचक तपासणी लाव. रात्रभर चालेल, चालू दे.

मामा : आणि ४ चे ३.६३ दिसतात असं वाचलं. उरलेलं कोण खातं?

दादा : कोणी नाही. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने.

आई : मला एक सांगा. मी चुकून साठीशांतीचा फोल्डर पुसला तर दुसऱ्या डिस्कवर राहील ना?

दादा : नाही आई. दोन्हीकडून त्याच क्षणी जाईल. ती आरशासारखी असते.

आई : मग उपयोग काय दोन घेऊन!

मी : डिस्क मेली तर उपयोग. तू पुसलंस किंवा वीज पडली तर नाही. त्याला तिसरी प्रत पाहिजे, आणि ती त्या घरात नको. मामा, २०२१ चा २२ जुलै विसरलास?

मामा : कसा विसरेन. कमरेएवढं पाणी होतं घरात. अल्बम वाळवत बसलो होतो आठवडाभर, चिकटलेले ते चिकटलेलेच. म्हणून तर हा डबा.

दादा : मग डबा माळ्यावर, हवा लागेल असा. तिसरी प्रत पुण्यात आमच्याकडे. बाहेरून लावायची एक डिस्क, महिन्याकाठी भरायची आणि कपाटात ठेवायची. त्या कामाला एसएमआर चालेल, तिथे कौलं उचलायची घाई कुणालाच नसते.

सोनू : म्हणजे माझी डील चालली!! 😎

दादा : एकच घे. आणि यूएसबीचं घर वेगळं घ्यावं लागेल तिला.

सोनू : मामा, पिझ्झा?

मामा : मे महिन्यात ये. घर शाकारायचंय. मग बघू पिझ्झाचं.